सतराची चिकटपट्टी

पाइन बेंड, मिसूरी
१४ सप्टेंबर

प्रिय डेन्झिल,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तूही धडधाकट असशील आणि वेळेवर जेवत असशील असं धरून चालते, कारण विचारलं तर तू खरं सांगणार नाहीस.

तुझं कार्ड मंगळवारी आलं. नऊ वर्षं नाताळात नुसती तुझी सही येते, आणि आता सप्टेंबरात चक्क तीन ओळी! त्या मी गळ-दोरीच्या आपल्या दुकानात गल्ल्यापाशी उभ्याउभ्या वाचल्या, मग खुर्चीत बसून वाचल्या. तपकिरी जिग अजून बांधतेस का, डझनभर पाठव, आणि तिकडे हल्ली जिगला कुठली दोरी लावतात. संपलं. तब्येत नाही, हवापाणी नाही. आईवर गेलायस अगदी.

आता मला सांग, लुइझियानाच्या चहासारख्या पाण्यात मासे धरणारा माणूस आमच्या नितळ पाण्याची दोरी कशाला विचारेल? दुकानात बसून माझी छत्तीस वर्षं गेली. दोरी विचारणारं गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात कुठल्या खाडीत जाणार ते मला त्याच्या आधी कळतं. तुझं मन इकडे ओढ घेतंय. नाही म्हणू नकोस.

जिग बांधते, हो. शिशाचं डोकं, जाड तारेचा गळ, त्यावर तपकिरी आणि हिरव्या रबराच्या झिरमिळ्या. साचा तोच, बाबांचा. बोटं थोडी आखडली आहेत, त्यामुळे तासाला बारा व्हायच्या तिथे आठ होतात. यासोबत चौदा पाठवते आहे. दोन जास्तीच्या अशासाठी, की पहिल्याच दिवशी तू दोन झाडात अडकवून येशील.

दोरीचं सांगायचं तर तू तिकडे जी विणलेली लावतोस, ती इकडे आणू नकोस. तुमच्या त्या जलपर्णीच्या गालिच्यातून मासा उपसून काढायला ती ठीक. इथे पंधरा फूट खालचा दगड दिसतो, तिथे बास माशाला ती दोरी दिसणार नाही होय? शिवाय ती बुडालेल्या सीडर झाडांच्या बेचक्यात करवतीसारखी रुतून बसते आणि मग तू, मासा आणि झाड तिघंही एकमेकांना बांधलेले. नायलॉन तरंगतं आणि ताणलं जातं. पंचवीस फुटांवर मासा लागला आणि तू हिसका दिलास, तर अर्धा हिसका दोरीच खाऊन टाकते आणि तो जाड गळ जबड्यात शिरतच नाही. बाबा नायलॉनवर आयुष्य काढून गेले, पण बाबांचे हिसके तुला आठवतात ना? एकदा टोपीसकट पाण्यात गेले होते.

तेव्हा फ्लोरोकार्बन घे. बुडते, दिसत नाही, दगडावर घासली तरी टिकते. पाव औंसाची हलकी जिग असेल तर दहा किंवा बारा पौंडांचा ताण सोसणारी. जाड लावलीस तर जिग पडायला वेळ घेते, आणि आपल्याकडचा मासा पडत्या जिगवरच झडप घालतो. अर्धा औंस घेऊन सीडरमध्ये घुसणार असशील तर सतरा. पाऊस पडून खाडी गढूळ झाली तर वीससुद्धा चालेल. नवी दोरी भरल्यावर रीळ कोमट पाण्यात बुडवून ठेव, नाहीतर पहिल्याच फेकीला ती स्प्रिंगसारखी उसळून बाहेर येते. काठोकाठ भरू नकोस. आणि गाठ ओढण्याआधी थुंकी लाव, कोरडी ओढली तर घर्षणानं तिथेच जळते.

हे तुलाच सांगते आहे, बघ. तलावावरच्या निम्म्या लोकांना गाठ बांधायला तू शिकवलंस.

तुझा मेहुणा होलिस बरा आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. उजव्याचं करायला तो तयार नाही, म्हणतो एका डोळ्याला जेवढं दिसतंय तेवढं पुरे. जवळचं मात्र दिसत नाही, त्यामुळे त्याच्या गाठी मी पहाटे घरी बांधून देते, गळाच्या सहा काठ्या तयार करून. होडीत एक तुटली की पुढची घेतो, पण कुणाला सांगत नाही. तूही सांगू नकोस.

त्या रात्रीच्या जेवणाला मी त्याला तुझ्या कार्डाचं सांगितलं. हॅम आणि शेंगदाण्याएवढे पांढरे बीन्स केले होते, वर मक्याचा ब्रेड.

"डेन्झिलचं कार्ड आलंय."

"हं."

"दोरीचं विचारतोय."

"कसली दोरी?"

"जिगची."

त्याचा घास थांबला. मग म्हणाला, "विणलेली आणू नको म्हणावं."

नऊ वर्षांत तुझ्याबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

मी जुनं उकरायला बसलेली नाही. त्या नोव्हेंबरात सगळं कुटुंब जेवायला बसलेलं असताना तो जे बोलला ते बोलायला नको होतं, आणि तू टर्कीला हातही न लावता उठून गेलास, ते मला आजही दिसतं. पण माणसं म्हातारी होतात रे. सव्वीस ऑक्टोबरला जोडीची स्पर्धा आहे. होलिसला जोडीदार नाही. गेल्या वर्षी बर्डेटला घेतलं होतं, तोच आपला शाळेच्या बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त होऊन सकाळपासून माझ्याकडे फुकटची कॉफी पितो. तो होडीत झोपला. घोरत होता म्हणून मासे पळाले असं होलिसचं म्हणणं.

ये. तुझी खोली आहे तशीच आहे, फक्त तिथे सध्या सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या आहेत. त्या मी हलवीन.

एक राहिलं. इकडे आल्यावर कुणी भरलेलं रीळ हातात दिलं, तर त्याच्यावरच्या चिकटपट्टीवर किती पौंड लिहिलंय ते बघून विश्वास ठेवू नकोस. दोरी स्वतःच्या बोटांनी चाचप. मीही दिलं तरी चाचप.

बरं, ते असो. दुकानात कुणी आलंय.

तुझी ताई,
अर्लेटा

*

२ ऑक्टोबर

प्रिय डेन्झिल,

आशीर्वाद. पत्र मिळालं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं! पोस्टमनही म्हणाला, आज जाड दिसतंय.

इकडे पानं पिवळी पडायला लागली आहेत. बुधवारच्या चर्चच्या जेवणाला मी भोपळ्याची गोड पाय भाजून नेली होती, ती सगळ्यात आधी संपली. होलिसनं होडीची बॅटरी बदलली. तू येणार म्हटल्यावर त्यानं होडी धुतलीसुद्धा. मी काही बोलले नाही. बोलले असते तर अर्ध्यात टाकून आला असता.

इथपर्यंत लिहून मी थांबले, चहा केला, तो प्यायले, दुकानात एकाला गांडुळं दिली आणि परत येऊन बसले.

तुझ्या पत्रातला एक परिच्छेद मी तीनदा वाचला. तू लिहितोस की मी मोटेलात उतरीन, घरी नको. ठीक. मग लिहितोस की स्पर्धेला होलिससोबत बसायला हरकत नाही, पण गाठी त्याच्यासमोर बांधीन, प्रत्येक गाठ त्यानं ओढून बघावी आणि मगच मी पाण्यात टाकीन. तिकडे लोकांना मासेमारीला नेणं तू दोन वर्षांतच सोडलंस, कारण गिऱ्हाइकाची गाठ बांधताना तुझे हात थरथरायचे. आता तू होड्यांची इंजिनं दुरुस्त करतोस. एकटा असताना प्रत्येक गाठ तीनदा बांधतोस आणि गाडीच्या हुकाला अडकवून ओढून बघतोस. आणि खाली लिहिलंयस, "चूक माझीच होती ताई, एवढा मासा हातचा घालवला, होलिसचा राग मी समजू शकतो."

डेन्झिल, तुझी चूक नव्हती.

आता सांगते. एकदम सांगते, नाहीतर पुन्हा हवामानावर जाईन.

त्या वर्षी मार्चमध्ये पाणी फार नितळ होतं. संध्याकाळी दुकान बंद करून मी धक्क्यावर उभी राहून हलकी जिग टाकायची. माझं रीळ बिघडलं होतं, म्हणून भिंतीवरच्या रांगेतलं होलिसचं एक जास्तीचं रीळ घेतलं, त्यातली सतराची दोरी काढली आणि बारा पौंडी भरली. दहा-बारा मासे धरले, फार मजा आली. मग रीळ परत जागेवर टांगलं. चिकटपट्टी बदलली नाही. तिच्यावर सतरा तसाच राहिला.

दोरी बदलेल त्यानं पट्टी बदलायची, हा नियम दुकानात कुणी केला? मीच. गल्ल्याच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून मीच चिकटवलाय. नवऱ्याला मी त्यावरून किती बोलले असेन. आणि स्वतःच विसरले.

एप्रिलमधल्या स्पर्धेच्या पहाटे तुझ्या रिळाचं हँडल निघून हातात आलं. होलिसनं भिंतीवरचं ते रीळ तुला दिलं. मी तेव्हा अंड्यांचं सँडविच बांधत होते, मला दिसलं. माझ्या मनात आलंसुद्धा नाही, शपथेवर सांगते. तू दोरी चिमटीत धरून म्हणालास, "ही बारीक लागतेय." होलिस हसला. "बोटं गारठलीयत तुझी. पट्टी बघ की, सतरा लिहिलंय. अर्लेटानं भरलेली दोरी आहे ती!"

त्या शेवटच्या वाक्यावर तू ते रीळ काठीला लावलंस. माझ्या दोरीवर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

पुढचं तुला ठाऊक आहे, मला होलिसकडून कळलं. खाडी पावसानं गढूळ, तू अर्ध्या औंसाची जिग सीडरच्या पोटात टाकलीस आणि आठ पौंडाची मादी लागली. होडीपाशी आली, होलिस जाळं घेऊन वाकला, तिनं हिसडा मारला आणि दोरी तुटली. वजनाच्या काट्यापाशी सगळा तलाव गोळा झालेला असताना होलिस ओरडून म्हणाला, "माझ्या मेहुण्याला बुटाची नाडी तरी बांधता येते का विचारा!" लोक हसले. तू दोरीचं टोक वर धरून सांगत होतास, "बघा, टोक सरळ आहे. गाठ सुटली असती तर पिळा पडला असता." कुणी बघितलं नाही. मी बघितलं.

संध्याकाळी घरी मी ते रीळ काढलं. टोक सरळ होतं, पिळा नव्हता. दोरी नखावरून ओढली आणि मला कळलं. एखाद्या आंधळीलाही कळलं असतं. मी काय केलं माहीत आहे? सगळी दोरी काढून चुलीत टाकली आणि सतरा पौंडी भरली. पट्टी बदलायची गरजच उरली नाही.

उद्या सांगीन म्हणाले. होलिस चिडलेला होता, दोन दिवसांनी सांगीन. तोवर दुकानातल्या कॉफीवाल्यांनी तुझं नाव "गाठसुट्या" ठेवलं होतं. बर्डेट सगळ्यात पुढे. मी त्यांच्या कपात कॉफी ओतायचे आणि ऐकायचे. एकदा म्हणाले, "पुरे झालं आता, माझा भाऊ आहे तो," आणि त्यांना वाटलं मी बहिणीच्या मायेनं बोलतेय. तुझी गिऱ्हाइकं गळत गेली. ज्याच्या गाठीला हसतात, त्याला मासेमारीला न्यायचे पैसे कोण देणार? मग नोव्हेंबरातलं ते जेवण, होलिस पुन्हा तेच बोलला, आणि जानेवारीत तू गेलास. मी सगळ्यांना सांगितलं, तिकडे काम चांगलं आहे म्हणून गेला.

होलिसला घाबरले म्हणून गप्प बसले असं लिहिणार होते. ते खरं नाही. होलिस चार दिवस फुगून बसला असता, त्याचं काय एवढं. खरं कारण सांगायची लाज वाटते. तलावावर एकच गोष्ट माझी होती. पोहता मला येत नाही, होडी चालवता येत नाही, पण दोरीच्या बाबतीत अर्लेटा चुकत नाही, असं सगळे म्हणायचे. लांबून माणसं यायची. "अर्लेटा म्हणेल ती भरा." ते ऐकायला मला फार आवडायचं. तेवढ्यासाठी तुझं नाव जाऊ दिलं. आणि तू तिकडे नऊ वर्षं गाठी गाडीच्या हुकाला लावून ओढतो आहेस.

तुझ्या हातांना काही झालेलं नाही. ते कधीच चुकले नव्हते. हे लिहायला मला नऊ वर्षं लागली. तुझ्या कार्डावर दोरीचा प्रश्न आला तेव्हाही मी दोन पानं दोरीवर लिहिली आणि हे लिहिलं नाही.

होलिसला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं. हे पत्र आजच्या टपालात टाकते, नाहीतर फाडून टाकीन. मग त्याला सांगते.

चिडलास तर तो तुझा हक्क आहे.

अर्लेटा

*

९ ऑक्टोबर

प्रिय डेन्झिल,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण लिहिते, कारण ते द्यायची सवय मोडणार नाही.

तुझं उत्तर आलेलं नाही आणि मी त्याची घाई करत नाही. हे पत्र टपालानं आलेलं नाही हे तुला कळलंच असेल. इथे काय झालं ते मात्र तुला माझ्याकडून कळायला हवं.

पत्र टाकून आले आणि होलिसला सांगितलं. तो धक्क्यावर तुझ्यासाठी म्हणून पुढची सीट पुसत होता. मी सगळं सांगितलं, रीळ, धक्का, पट्टी, चूल. त्यानं फडकं पिळलं, वाळत टाकलं, आणि होडी घेऊन निघून गेला. काठी न घेता. तीन तासांनी आला.

"तो म्हणाला होता," तो म्हणाला.

"काय?"

"बारीक लागतेय म्हणाला होता. त्या पहाटे. मी हसलो." मग खुर्चीत बसला. "टोक दाखवत होता सगळ्यांना. मी बघितलंच नाही."

"चूक माझी आहे, होलिस."

"दोरी तुझी. तोंड माझं," तो म्हणाला. "तुझ्या दोरीनं मासा गेला. माझ्या तोंडानं माणूस गेला."

माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चुलीत कशाला टाकलीस? केवढा धूर झाला होता त्या दिवशी, मला वाटलं भोपळ्याची पाय करपली." म्हणजे बोलायला लागला.

शनिवारी सकाळी दुकानात कॉफीवाले नेहमीप्रमाणे जमले. सात जण होते, बर्डेट धरून. मी होलिसला म्हणाले होते, ज्या ठिकाणी नाव घालवलं त्याच ठिकाणी परत द्यायचं. वजनाचा काटा आता धक्क्यावर नाही, पण माणसं तीच आहेत. होलिस उठून उभा राहिला. तो बोलायला उभा राहिला की लोकांना वाटतं दुकान विकतोय.

"डेन्झिलची गाठ सुटली नव्हती," तो म्हणाला. "दोरी चुकीची होती. मी त्याला दिली आणि वर त्यालाच हसलो. आजपासून ते नाव इथे कुणी घ्यायचं नाही."

"आणि दोरी मी भरली होती," मी गल्ल्यामागून म्हणाले. "सतराच्या पट्टीखाली बारा पौंडी. त्याच संध्याकाळी मला कळलं होतं. मी लपवलं."

मग बर्डेट म्हणाला, "म्हणजे नऊ वर्षं मी चुकीच्या माणसाला नावं ठेवतोय?"

"हो."

"मला आधी सांगितलं असतंस तर तुला ठेवली असती."

हसले सगळे. पण बर्डेट हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "मी त्याच्याकडून चार मोसम शिकलो, अर्लेटा. आणि सगळ्यात मोठ्यानं मीच हसायचो." कॉफी अर्धी टाकून निघून गेला. त्यानं कॉफी टाकलेली मी कधी पाहिली नव्हती. सोमवारी परत आला आणि तुझा पत्ता मागितला. मी दिलेला नाही, तुला विचारून देईन.

दुपारी स्प्रिंगफील्डचं एक गिऱ्हाईक आलं, त्यांच्या कानावर कुणीतरी आधीच घातलं होतं. मी रीळ भरून दिलं, पट्टी लावली. त्यांनी खिशातून जाडी मोजायचं यंत्र काढलं आणि माझ्यासमोर दोरी मोजली. छत्तीस वर्षांत माझी दोरी कुणी मोजली नव्हती. मी म्हणाले, "मोजा. पुढच्या वेळीही मोजा." बरोबर निघाली. माझं तोंड लाल झालं होतं, पण ते गेल्यावर मला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

आता होलिसचं. परवा तो म्हणाला, "पत्र लिहायचं?" आणि कागद पुढे घेऊन बसला. तासाभरानं त्याच्यावर तुझं नाव आणि तारीख एवढंच होतं. मग कागद दुमडून म्हणाला, "गाडीत पेट्रोल किती आहे बघतो."

अकरा तासांचा रस्ता आहे. एका डोळ्यानं रात्री गाडी चालवायची नाही असं बजावलंय, वाटेत लिटल रॉकला मुक्काम करेल. तू हे वाचत असशील तेव्हा तो तुझ्या दारात उभा असेल. आधी तो रस्त्यातल्या ट्रकवाल्यांबद्दल बोलेल, मग पेट्रोलबद्दल. त्याला मध्ये तोडू नकोस. ज्यासाठी आलाय ते सगळ्यात शेवटी येईल, आणि आयुष्यात पहिल्यांदाच येत असल्यामुळे जरा वेडंवाकडं येईल. आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. पण हे पत्र आहे म्हणून तो बोलला नाही तरी चालेल असं समजू नकोस. तोंडानं गेलंय ते त्याला तोंडानंच द्यायला लाव.

मी का आले नाही, विचारशील. तो मला सकाळी दोनदा म्हणाला, "चल, बस गाडीत." मी तयारसुद्धा झाले होते, नवा कोट घालून.

पण मी तुझ्यासमोर आले असते तर तू दार उघडता उघडता मला माफ केलं असतंस. तू असाच आहेस. लहानपणी मी तुझी सायकल झाडावर आदळली, तेव्हाही तू रडणं थांबवून आधी मलाच विचारलंस, "ताई, लागलं का?" मला या वेळी ते नको आहे. नऊ वर्षांचं माफ करायला एक मिनिट पुरत नाही. तू रागाव. शिव्या घाल, होलिसच्या देखत घाल, तो मोजून आणून देईल. हिवाळा जाऊ दे, हवं तर दोन हिवाळे जाऊ देत. स्पर्धेला आलास तरी ये, नाही आलास तरी मी समजेन. बरण्या मात्र मी खोलीतून हलवल्या आहेत.

राग संपल्यावर जर काही उरलं, तर तेवढं घेऊन ये. मी तेवढ्यावर राहीन.

जिनं तुझं नाव घालवलं आणि जिला तुझ्याशिवाय भाऊ नाही ती,
तुझी बहीण
अर्लेटा